वारशाने आलेले जुने रिव्हॉल्व्हर : परवाना, ओळख आणि निगा

विदर्भातील जुन्या घरांत, विशेषतः ज्या घराण्यांकडे पूर्वी मालगुजारी होती किंवा ज्यांचे वडील-आजोबा सैन्यात, पोलिसांत अथवा वनखात्यात होते अशा घरांत, तेरवी आटोपल्यावर कपाटे आणि पेट्या उघडल्या जातात तेव्हा कधीकधी धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेले एक जड रिव्हॉल्व्हर हाती लागते. घरातील निम्म्या माणसांना ते आहे हेच ठाऊक नसते, आणि ज्यांना ठाऊक असते त्यांनाही ते भरलेले आहे की रिकामे, त्याचा परवाना कोठे आहे आणि आता ते कायद्याने कोणाचे, हे सांगता येत नाही. माझ्या आजोबांचे वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप) रिव्हॉल्व्हर नागपूरच्या महाल भागातील आमच्या घरी असेच सापडले. पुढच्या दोन वर्षांत त्याविषयी मी जे शिकलो, त्यातील बरेचसे आधी चुकून आणि मग जाणकारांना विचारून शिकलो, आणि ज्याच्यावर ही वेळ आज आली आहे त्याला ते सारे एका जागी मिळावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. अशा शस्त्राबरोबर त्याचा कागदही वारशाने येतो. कागद नसेल तर शस्त्र हा गुन्ह्याचा मुद्देमाल ठरू शकतो, आणि चुकीच्या साफसफाईने शस्त्रावरील क्रमांक पुसला गेला तर हातातल्या कागदाला अर्थ उरत नाही. त्यामुळे परवाना हे वकिलाचे काम आणि निगा ही हौशी माणसाची बाब, अशी विभागणी मनातून काढून टाकावी.

हात लावण्यापूर्वी

सापडलेले रिव्हॉल्व्हर भरलेले आहे असेच समजावे, मग घरातील कोणीही कितीही खात्रीने काहीही सांगो. ते उचलून कोणाला दाखवू नये, चाप ओढून पाहू नये, घोडा (काडतुसावर आघात करणारा मागचा दांडा) मागे खेचू नये आणि सिलिंडर (काडतुसांची घरे असलेले फिरते नळकांडे) फिरवू नये. जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या बाबतीत ही काळजी अधिकच घ्यावी लागते, कारण त्यांतील अनेकांत घोड्याचे टोक थेट काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे आघाताने पेटणाऱ्या बुडाच्या भागावर, टेकलेले असते आणि त्याला अडवणारा सुरक्षा-खटका नसतो. असे शस्त्र हातून निसटून घोड्याच्या बाजूने फरशीवर आदळले, तर चापाला बोट न लागताही गोळी सुटू शकते. पूर्वीचे जाणते लोक घोड्याखालचे घर रिकामे ठेवून पाचच काडतुसे भरत, ते याच कारणाने.

खोलीतून मुलांना बाहेर काढावे, खोलीला कुलूप लावावे आणि पुढचे पाऊल टाकावे. शस्त्र रिकामे आहे की नाही हे पोलीस ठाण्यातील शस्त्राची माहिती असलेला कर्मचारी किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेता तपासतो. ती तपासणी कशी होते हे समजून घेणे मात्र उपयोगी आहे, कारण ती आपल्यासमोर होणार असते. वेब्लीसारख्या रिव्हॉल्व्हरमध्ये चौकटीच्या डाव्या बाजूचा खटका दाबला की नळी खाली झुकते आणि मागून सर्व घरे एकदम दिसतात. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसनच्या पुष्कळ नमुन्यांत सिलिंडर डावीकडे बाहेर येते. त्याहून जुन्या काही नमुन्यांत उजव्या बाजूला एक लहानसे झाकण असते आणि एकेक घर फिरवून पाहावे लागते. शेवटच्या प्रकारात एखादे काडतूस नजरेतून सुटण्याचा धोका सर्वांत जास्त असल्याने घरे मोजूनच तपासावीत, असा आग्रह आपण धरावा.

सोबत सापडलेल्या काडतुसांबाबतही तीच शिस्त पाळावी. चामड्याच्या पट्ट्यात वर्षानुवर्षे राहिलेल्या पितळी काडतुसांवर हिरवा थर चढतो. तो खरवडू नये, काडतुसे कचऱ्यात किंवा विहिरीत टाकू नयेत, आणि ती उघडण्याचा विचारही करू नये. शस्त्राइतकाच काडतुसांनाही परवाना लागतो, म्हणून तीही मोजून शस्त्रासोबतच जमा करावीत.

आधी जमा, मग अर्ज

शस्त्र अधिनियम, १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला आणि त्यानुसार शस्त्र परवाना हा व्यक्तीच्या नावाचा असतो, घराच्या किंवा घराण्याच्या नावाचा नसतो. परवानाधारकाचे निधन झाले की त्याच परवान्यावर ते शस्त्र मुलाने किंवा नातवाने घरात ठेवणे कायदेशीर राहत नाही. अशा वेळी काय करावे हे अधिनियमाच्या कलम २१ मध्ये दिले आहे: शस्त्र आणि काडतुसे विनाकारण विलंब न लावता जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे, किंवा विहित अटींनुसार परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावयाची असतात. जमा केल्याने मालकी जात नाही. वारसाला परवाना मिळाल्यावर ते परत घेता येते किंवा कायदेशीर मार्गाने विकता येते, मात्र विहित मुदतीत काहीच केले नाही तर ते सरकारजमा होऊ शकते. अनेक कुटुंबे भीतीपोटी नेमके उलटे करतात आणि शस्त्र पुन्हा पेटीत ठेवून देतात. वर्षे जितकी उलटतात तितके त्या विलंबाचे उत्तर देणे अवघड होत जाते, आणि दुःखाच्या दिवसांत राहून गेलेली गोष्ट नंतर लपवाछपवीसारखी दिसू लागते.

शस्त्र स्वतः पिशवीत घालून ठाण्यात घेऊन जाऊ नये, कारण त्या क्षणी आपल्या नावावर परवाना नसतो. आधी मृत्यूचा दाखला आणि जुना परवाना यांच्या प्रती घेऊन ठाण्यात जावे, लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि शस्त्र कोणी, कसे आणायचे हे तेथील अधिकाऱ्यालाच ठरवू द्यावे. जमा झाल्यावर जी पावती मिळते तिच्यावर कंपनीचे नाव, बोअर, शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि शस्त्राची स्थिती या पाचही गोष्टी लिहिलेल्या आहेत ना, हे तेथेच उभे राहून वाचावे. आमच्या पावतीवर क्रमांकातील एक आकडा चुकला होता. तो त्या दिवशी माझ्या लक्षात आला नाही, आणि पुढे तो दुरुस्त करून घेण्यासाठी चार महिने खेटे घालावे लागले.

जुना परवाना सापडत नसेल तर शोध थांबवू नये. आपल्या भागातील जुन्या कागदांची एक खासियत ध्यानात ठेवली तर तो ओळखू येतो. १९५६ पर्यंत नागपूर हे आधी मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या आणि नंतर जुन्या मध्य प्रदेशाच्या राजधानीचे शहर होते, जिल्ह्याचा प्रमुख अधिकारी डेप्युटी कमिशनर म्हणवला जाई, आणि त्या काळचा परवाना १८७८ च्या जुन्या कायद्याखाली दिलेला असे. त्यामुळे आजोबांच्या परवान्याच्या पहिल्या पानावर महाराष्ट्राचे नाव नसले म्हणून तो कागद निरुपयोगी समजून रद्दीत टाकू नये. आमच्याकडे मूळ परवाना शेतीच्या खसऱ्यांच्या गठ्ठ्यात निघाला, आणि त्यावरील नूतनीकरणाच्या शिक्क्यांची सलग रांगच शस्त्र पहिल्यापासून कायदेशीर होते हे दाखवायला उपयोगी पडली.

अर्ज कोणाकडे करायचा हे वारस कोठे राहतो यावर ठरते. नागपूर शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहणाऱ्यांसाठी परवाना देणारे अधिकारी पोलीस आयुक्त असतात, तर काटोल, उमरेड, रामटेक अशा ग्रामीण भागासाठी जिल्हादंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी. दोन्ही कार्यालये सिव्हिल लाइन्स भागातच असल्याने चुकीच्या दारात गेल्यास फार पायपीट होत नाही, पण अर्जाचे आठवडे वाया जातात. कामठी किंवा हिंगण्यासारख्या शहरालगतच्या वस्त्यांत राहणाऱ्यांनी आपले पोलीस ठाणे शहर आयुक्तालयात मोडते की ग्रामीण पोलिसांकडे, हे आधी विचारून घ्यावे.

शस्त्र नियम, २०१६ मधील नियम २५ हा वारसांसाठीचा मुख्य आधार आहे. परवानाधारकाच्या निधनानंतर त्याच्या कायदेशीर वारसाला परवाना देता येतो, आणि परवानाधारक हयात असतानाही, त्याने वयाची ७० वर्षे पूर्ण केली असतील किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले असेल, तर त्याने सुचवलेल्या वारसाला तो देता येतो. वारस असणे म्हणजे परवान्याचा हक्क मिळणे असे मात्र नाही. अर्जदाराचे वय किमान २१ असावे लागते, पोलीस पडताळणी होते, शारीरिक व मानसिक आरोग्याचा दाखला आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते. एकापेक्षा अधिक वारस असतील तर इतरांची ना हरकत प्रतिज्ञापत्रे लागतात. येथे माझा सल्ला असा की आई, आत्या, काका, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बहिणी, या सर्वांशी आधी बोलावे आणि मग कागदावर सही मागावी. रिव्हॉल्व्हर ही जमिनीइतकी मोठी मालमत्ता नसली तरी तिच्यात वडिलांची आठवण गुंतलेली असते, आणि न विचारता तयार करून आणलेल्या प्रतिज्ञापत्राने मने दुखावतात.

डिसेंबर २०१९ मधील दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच शस्त्रे बाळगता येतात आणि वारशाने आलेले शस्त्रही त्या दोनांतच धरले जाते. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. परवान्याची नोंद राष्ट्रीय माहितीसंचात होऊन त्याला एकमेव ओळख क्रमांक मिळाला आहे ना, हेही पाहून घ्यावे.

बोअरचा प्रश्न, आणि ‘जुने आहे म्हणून चालते’ हा गैरसमज

या ठिकाणी नवखे लोक सर्वांत जास्त अडखळतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपल्या नियमांत रिव्हॉल्व्हरांचे दोन गट पडतात, प्रतिबंधित बोअर आणि अप्रतिबंधित बोअर. ज्या पिस्तुलात किंवा रिव्हॉल्व्हरमध्ये .३८० किंवा .४५५ चे, बुडाला कडा असलेले काडतूस बसते आणि उडते, ते प्रतिबंधित गटात जाते, कारण ही ब्रिटिश काळातील सैनिकी काडतुसे होती. पहिल्या महायुद्धातील, १९१५ पासूनचे वेब्ली मार्क ६ हे .४५५ चे आहे, आणि १९३२ मध्ये सैन्यात आलेले एनफिल्ड क्रमांक २ हे .३८० चे. आजोबा सैन्यातून निवृत्त झालेले असतील तर घरातील रिव्हॉल्व्हर या दोहोंपैकी एक असण्याची शक्यता लक्षात ठेवावी. प्रतिबंधित बोअरचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो, त्यामुळे त्याचा मार्ग वेगळा आणि लांबचा असतो.

नळीवर ‘.३८’ असे कोरलेले पाहून आपले रिव्हॉल्व्हर .३८० चे नाही असा निष्कर्ष काढू नये. ब्रिटिश .३८० आणि अमेरिकन .३८ स्मिथ अँड वेसन ही काडतुसे मापाने जवळजवळ एकच आहेत, तर .३८ स्पेशल हे नावाने जवळचे असूनही वेगळे काडतूस आहे. नियमाचा रोख शस्त्रावर काय कोरले आहे यावर नसून त्यात काय बसते आणि उडते यावर आहे, आणि ते शस्त्रतज्ज्ञानेच मोजून सांगावयाचे असते. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे नागरी वापरात .३२ बोअरची रिव्हॉल्व्हरे इतकी रूढ झाली आणि कानपूरच्या सरकारी कारखान्यातही .३२ चेच रिव्हॉल्व्हर नागरिकांसाठी बनू लागले, याचे मूळ या नियमात आहे.

दुसरा गैरसमज वयाबद्दलचा आहे. परदेशांतील नियम वाचून काही लोक असे धरून चालतात की शंभर वर्षांपूर्वीचे शस्त्र म्हणजे पुराणवस्तू आणि तिला परवाना लागत नाही. आपल्या अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या किंवा पुरातन मूल्याच्या शस्त्रांना सूट आहे खरी, पण ते शस्त्र दुरुस्ती करून किंवा न करता, कोणत्याही प्रकारे अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसावे, ही अट त्यातच आहे. चाप जड झाला, स्प्रिंग तुटली किंवा सिलिंडर अडकले, एवढ्याने ती अट पूर्ण होत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये नियमांत बदल होऊन क्युरिओ, म्हणजे जुन्या संग्राह्य वस्तूंच्या, वर्गातील लहान शस्त्रे बाळगण्यासाठी परवाना लागणार नाही असे ठरले, मात्र ती वापरण्यासाठी किंवा इकडून तिकडे नेण्यासाठी परवाना लागतोच. आपले शस्त्र त्या वर्गात बसते की नाही हे घरी बसून ठरवू नये. परवाना शाखेकडून लेखी उत्तर घ्यावे आणि ते उत्तर शस्त्राइतकेच जपून ठेवावे.

आपल्याकडे नेमके काय आहे

शस्त्र जमा असतानाही ओळख पटवण्याचे काम सुरू करता येते. अधिकाऱ्याच्या किंवा विक्रेत्याच्या परवानगीने चांगल्या उजेडात दोन्ही बाजूंची, नळीच्या वरच्या पट्टीची, सिलिंडरची आणि मुठीच्या खालच्या भागाची छायाचित्रे घ्यावीत. ही छायाचित्रे कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नयेत, कारण क्रमांकासह फिरणारे शस्त्राचे चित्र उद्या कोणाच्या हाती पडेल हे सांगता येत नाही.

निर्मात्याचे नाव हा पहिला धागा. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचे स्कॉट कंपनीशी एकत्रीकरण १८९७ मध्ये झाले, म्हणून चौकटीवर दोन्ही नावे असतील तर नग त्यानंतरचा. वेब्लीच्या अनेक नगांवर पंख असलेल्या गोळीची खूण असते. कोल्टवर मागच्या पायांवर उभा घोडा दिसतो. एका टोकाला बेल्जियममधील लीज शहराची अंडाकृती चाचणी-मोहोर (शस्त्र दारूचा दाब सोसते हे तपासून उठवलेला शिक्का) आणि तिच्यात ‘ईएलजी’ ही अक्षरे दिसली, तर नाव काहीही कोरलेले असो, शस्त्राची चाचणी तेथे झालेली आहे. स्पेनमधील एबार येथेही ब्रिटिश आणि अमेरिकन नमुन्यांच्या नकला मोठ्या प्रमाणावर होत, आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटनने त्यांतील काही सैन्यासाठी विकत घेतल्या होत्या. त्यामुळे दिसायला वेब्ली असलेले प्रत्येक रिव्हॉल्व्हर वेब्ली नसते.

दुसरा धागा चाचणी-मोहोरांचा. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ मध्ये स्थापन झाले, आणि १९०४ नंतरच्या तेथील मोहोरांत मुकुटाखाली ‘बीपी’, ‘बीव्ही’ आणि ‘एनपी’ अशी अक्षरे असतात. यांपैकी ‘एनपी’ ही मोहोर धूरविरहित दारूने चाचणी झाल्याची खूण आहे. ती नसलेले जुने शस्त्र केवळ काळ्या दारूच्या दाबासाठी तपासलेले असू शकते. बाणाच्या टोकासारखी खूण म्हणजे शस्त्र एकेकाळी सरकारी मालकीचे होते, आणि अशी दोन टोके समोरासमोर असतील तर ते सरकारी सेवेतून रीतसर विकले गेले. ही शेवटची खूण फार मोलाची आहे, कारण सैनिकी शस्त्र घरात कसे आले या प्रश्नाचे अर्धे उत्तर तीच देते.

नळीवर विक्रेत्याचे नावही कोरलेले असू शकते. कलकत्त्याच्या मँटन किंवा रोडा या पेढ्यांची नावे भारतात विकल्या गेलेल्या शस्त्रांवर आढळतात. आमच्या रिव्हॉल्व्हरवर असे नाव पुसटसे दिसले, आणि आजोबांच्या वहीतील कलकत्त्याच्या प्रवासाच्या नोंदीचा अर्थ त्या दिवशी लागला. ज्यांना शस्त्रांच्या घडणीची आवड लागेल त्यांनी १८६३ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे अजब बंगल्यात, शस्त्रांचे दालन सावकाश पाहावे. काळवंडलेले लोखंड घासूनपुसून चकचकीत न करता कसे मांडतात, हे डोळ्यांना तेथे कळते.

निगा

परवाना हाती आला, शस्त्र घरी आले आणि जाणकाराने ते रिकामे असल्याचे समोर दाखवले, की मगच निगेचा प्रश्न सुरू होतो. येथे पहिला नियम असा की चकाकी आणण्याचा मोह पूर्णपणे टाळावा. माझ्या चुलतभावाने प्रेमापोटी त्या रिव्हॉल्व्हरची डावी बाजू राखेने आणि चिंचेने घासली होती, देवघरातील पितळ घासावे तशी. पोलादावरील निळसर-काळा मुलामा हा रंगाचा थर नसून धातूच्या पृष्ठभागावरच रासायनिक क्रियेने तयार झालेले पातळ आवरण असते. ते एकदा गेले की परत येत नाही, आणि त्याबरोबर मोहोरांच्या आणि क्रमांकाच्या कडाही झिजतात. अधिनियमाच्या कलम ८ नुसार शस्त्रावरील ओळखखुणा पुसणे, काढणे किंवा बदलणे याला मनाई आहे. आपला हेतू साफसफाईचा होता हे पुसट झालेला क्रमांक सांगत नाही. त्यामुळे राख, चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर, पॉलिश कागद आणि तारेची घासणी यांपैकी काहीही शस्त्राजवळ आणू नये.

तांबूस, भुसभुशीत आणि बोटाला लागणारा गंज हा जिवंत गंज होय, आणि तो थांबवावा लागतो. गडद तपकिरी, घट्ट बसलेला थर हा वयाचा रंग असतो आणि तो तसाच राहू द्यावा. जिवंत गंजावर पातळ खनिज तेलाचे थेंब सोडून एक-दोन दिवस ठेवावे, मग मऊ सुती कापडाने पुसावे. तेवढ्याने न निघाल्यास तांब्याच्या पातळ पट्टीच्या कडेने अगदी हलके खरवडावे, कारण तांबे पोलादापेक्षा मऊ असल्याने गंज निघतो आणि पोलादावर ओरखडा सहसा पडत नाही. मोहोरा आणि क्रमांकाच्या जागी मात्र तेल आणि कापड यांपलीकडे काहीही वापरू नये.

तेलाबाबत आपल्या घरांत एक ठरलेली चूक होते. खोबरेल, तिळाचे किंवा जवसाचे तेल यंत्रभागात घातले जाते. वनस्पती तेले हवेने घट्ट होऊन चिकट होतात, आणि काही वर्षांनी चाप, घोडा आणि सिलिंडर एकमेकांना जणू डिंकाने चिकटवल्यासारखे होतात. शस्त्रासाठीचे तेल मिळत नसेल तर शिलाई मशीनचे स्वच्छ, पातळ तेल चालते, आणि तेही कापडावर घेऊन पुसण्यापुरतेच. जवसाचे तेल वाळून पापुद्रा धरते, त्यामुळे यंत्रभागाला ते घातक असले तरी मुठीच्या लाकडाला त्याचाच उपयोग होतो. मूठ लाकडी असेल तर वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा बोटभर हात फिरवून जास्तीचे लगेच पुसून टाकावे. अनेक वेब्लींची मूठ मात्र कडक रबराची असते. तिला तेल लावू नये आणि उन्हात ठेवू नये, कारण तिचा काळा रंग उडून ती तपकिरी पडते. चांदीसारखा दिसणारा निकेलचा मुलामा असेल तर अमोनिया असलेले कोणतेही द्रव वापरू नये, कारण ते मुलाम्याखालचा थर खाऊन पापुद्रे सोडवते.

नळीच्या आतील गंजाचे कारण बहुतेक वेळा जुन्या काडतुसांत असते. त्यांच्या टोपीतील रसायनामुळे गोळी उडाल्यावर नळीत मिठासारखा क्षार उरतो, तो हवेतील ओल ओढून घेतो आणि वर तेल लावले तरी आपले काम चालू ठेवतो. क्षार पाण्यात विरघळतो, तेलात विरघळत नाही. म्हणून जुन्या काळचे शिकारी शिकारीहून परतल्यावर नळी आधी गरम पाण्याने धूत, कोरडी करत आणि मग तेल लावत. आज आपल्याला साधारणपणे तेलाचे ओले कापड आणि त्यामागे कोरडे कापड नळीतून फिरवणे पुरेसे होते. खाली झुकणारी नळी असेल तर सळई मागच्या बाजूने घालावी, म्हणजे नळीचे तोंड झिजत नाही.

आतील यंत्र उघडू नये. चौकटीचे स्क्रू अरुंद खाचेचे असतात, घरातला पेचकस त्यांत नीट बसत नाही, आणि घसरलेल्या पेचकसाची खूण कायमची राहते. दुरुस्ती लागल्यास ती परवानाधारक शस्त्र-दुरुस्तीकाराकडेच करावी. लेथ मशीनवाला कितीही कुशल असला तरी शस्त्राची दुरुस्ती करण्यासाठी कायद्याने परवाना लागतो, आणि त्याच्याकडे काम देऊन आपण त्यालाही अडचणीत आणतो. रिकामा चाप ओढून घोडा आपटण्याची आणि सिलिंडर मनगटाच्या झटक्याने मिटण्याची सवय लावून घेऊ नये. पहिल्याने घोड्याचे जुने टोक आणि पट्टीची स्प्रिंग तुटते, दुसऱ्याने सिलिंडरचा दांडा वाकतो, आणि दोन्ही सुटे भाग आता सहजासहजी मिळत नाहीत.

नागपूरची हवा

कोकणातील माणूस वर्षभर ओलीशी झगडतो, म्हणून तो सावध असतो. आपल्याला मे महिन्यातील ४५ अंशांच्या कोरड्या उन्हाळ्यामुळे येथे लोखंड गंजत नाही असे वाटते, आणि तेथेच फसगत होते. आपण त्याच उन्हाळ्यात वाळ्याच्या टट्ट्यांचा कूलर लावतो आणि खोलीत दिवसरात्र दमट हवा भरतो. आमच्या रिव्हॉल्व्हरवरील सर्वांत वाईट गंज पावसाळ्यातला नव्हता. तो कूलरसमोरच्या लोखंडी कपाटात, चामड्याच्या म्यानात, तीन उन्हाळे राहिल्याने चढलेला होता. कमावलेल्या चामड्यात आम्ल आणि ओल दोन्ही टिकून राहतात, म्हणून शस्त्र म्यानात ठेवून साठवू नये. म्यान वेगळे, कोरड्या जागी ठेवावे.

शस्त्र रिकामे करून, तेलाचा पातळ हात दिलेल्या सुती कापडात सैल गुंडाळून, कुलपाच्या पेटीत ठेवावे आणि ती पेटी भिंतीला किंवा जमिनीला पक्क्या केलेल्या कपाटात ठेवावी. कपाट कूलरच्या खोलीत नसावे आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकलेले नसावे. काडतुसे असतील तर ती वेगळ्या कुलपात ठेवावीत आणि दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात लावू नयेत. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आणि रंग बदलणारे दाणे मिळाल्यास तेच घ्यावेत, म्हणजे ते ओल पिऊन भरले की दिसते. कूलर सुरू होण्यापूर्वी मार्चमध्ये, पाऊस लागण्यापूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात, पोळ्याच्या सुमारास आणि दिवाळीच्या आवराआवरीत, असे वर्षातून चार वेळा शस्त्र बाहेर काढून पाहावे. दर वेळी सुती हातमोजे घालावेत, कारण घामातील मिठाने उठलेला बोटाचा ठसा महिन्याभरात गंजाच्या रेघांत दिसू लागतो.

ते चालवावे का

माझे मत स्पष्ट आहे, चालवू नये. शंभरीला टेकलेल्या पोलादातील बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही आणि बोअरचे आकडे जुळले म्हणून आजच्या काडतुसाचा दाब त्या शस्त्राला सोसेल असे नाही. ज्यांना चालवायचेच असेल त्यांनी परवानाधारक शस्त्रतज्ज्ञाकडून लेखी अभिप्राय घ्यावा आणि परवान्यावर नोंदलेल्या मर्यादेतच काडतुसे घ्यावीत. लग्नाच्या वरातीत किंवा दसऱ्याला हवेत गोळी झाडणे हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र गुन्हा आहे. दसऱ्याला शस्त्रपूजन करताना रिकामे शस्त्र पाटावर ठेवावे आणि हळदकुंकू कपड्यावर वाहावे, पोलादावर नव्हे, कारण ओल्या कुंकवाखालीही गंज धरतो.

निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याचा आदेश आला तर तो पाळावा, आणि परत घेताना आपण घरी काढून ठेवलेल्या छायाचित्रांशी शस्त्र ताडून पाहावे.

वही आणि पुढचे नाव

या सर्व कामाची एक वही करावी. तिच्यात परवान्याची, जमा पावत्यांची आणि नूतनीकरणाची प्रत असावी, छायाचित्रे असावीत, कोणत्या तारखेला काय तेल लावले आणि गंजाचा डाग कोठे दिसला याची नोंद असावी, आणि घरातील वडीलधाऱ्यांकडून या शस्त्राविषयी जे ऐकले ते त्यांच्याच शब्दांत लिहिलेले असावे. माझ्या आत्यांनी सांगितल्याप्रमाणे आजोबा दरवर्षी अक्षय्य तृतीयेला ते काढून पुसत आणि घरातील कोणालाही त्या वेळी खोलीत येऊ देत नसत. ही आठवण मी तारखेसह लिहून ठेवली आहे.

वहीच्या पहिल्या पानावर पुढच्या वारसाचे नाव लिहावे. वयाची सत्तरी आली किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षे झाली की नियम २५ प्रमाणे हयातीतच परवाना त्याच्या नावे करता येतो, आणि तसे झाले तर घरात दुःख असताना कोणाला ठाण्याच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. मी माझ्या पुतणीचे नाव लिहिले आहे. ती अजून एकवीस वर्षांची नाही, पण जूनमधील पाहणीच्या वेळी ती शेजारी बसते, आणि घरे मोजण्याचे काम तिचे असते.